गाव धुळं, काळीज वानखेडेवर

आयपीएलचा संघ जळगावला नाही आणि धुळ्यालाही नाही. प्रो कबड्डीचाही नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी आणि सोलापूर यांच्या नावाचे सहा संघ उतरले. त्यात खानदेशाचं नाव नव्हतं. आणि तरी एप्रिल-मेच्या रात्री जळगावच्या कुठल्याही वस्तीत फिरून या. दिवसा पारा ४४-४५ वर जाऊन आलेला, भिंती अजून गरम, गच्चीवर पाण्याचा सडा मारलेला, वायर ओढून टीव्ही वर आणलेला आणि त्याच्यासमोर निळे शर्ट घातलेली पोरं मांडी घालून बसलेली. मुंबईची विकेट पडली की शेजारच्या गच्चीवरून पिवळ्या शर्टांचा आवाज येतो, “काय रे भो, झोपले का?” मग सामना टीव्हीवर कमी आणि दोन गच्च्यांमध्ये जास्त रंगतो.

ज्या संघात आपल्या तालुक्याचा एक खेळाडू नाही, ज्याचं मैदान चारशे किलोमीटरवर आहे, त्याच्यासाठी माणूस जेवणाचं ताट बाजूला का सारतो? मानसशास्त्रज्ञांनी, अर्थशास्त्रज्ञांनी आणि हृदयरोगतज्ज्ञांनीसुद्धा या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांच्या हाती जे लागलं ते भन्नाट आहे. आणि खानदेशात ते तपासून बघायला जास्त मजा येते, कारण इथल्या चाहत्याला संघ गावासोबत मिळालेला नाही. तो त्यानं स्वतः निवडलाय.

संघ ठरतो आठव्या वर्षी

सेथ स्टीफन्स-डेव्हिडोविट्झ या अमेरिकी अभ्यासकानं २०१४ मध्ये फेसबुकवरची आकडेवारी चाळली. कोणत्या वयाच्या पुरुषांना बेसबॉलचा कोणता संघ आवडतो, एवढंच त्याला बघायचं होतं. न्यूयॉर्क मेट्स या संघाचे चाहते दोन जन्मवर्षांभोवती गर्दी करून उभे होते : १९६२ आणि १९७८. मेट्सनं विजेतेपद मिळवलं १९६९ आणि १९८६ मध्ये. म्हणजे ही मंडळी तेव्हा सात-आठ वर्षांची होती! त्याचा निष्कर्ष असा की मुलगा आठेक वर्षांचा असताना जो संघ जिंकतो, तो पुढं आयुष्यभर त्याच्या मनात घर करून राहतो. विशीतल्या विजयाचा ठसा त्यापुढं फिका पडतो.

हे गणित आपल्याकडं लावून बघा. २५ जून १९८३ ला कपिलदेवनं लॉर्ड्सवर विश्वचषक उचलला. तेव्हा इकडं मुख्य भर रेडिओवर. त्या रात्री आठ वर्षांचं असलेलं पोर आज पन्नाशीत आहे, आणि त्याला अजूनही भारताचा सामना म्हणजे कपिलचा सामना वाटतो. २ एप्रिल २०११ ला धोनीनं वानखेडेवर षटकार मारला तेव्हाची आठ वर्षांची पोरं आता कॉलेज संपवून नोकरी शोधताहेत आणि त्यातली कितीतरी चेन्नईच्या पिवळ्या रंगात अडकलीत, ती याच एका षटकारामुळं. मुंबई इंडियन्सनं २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदं मिळवली. आठ हंगामांत पाच! पहिलं विजेतेपद आलं तो सचिन तेंडुलकरचा आयपीएलमधला शेवटचा हंगाम. २००५ ते २०१२ च्या दरम्यान जन्मलेल्या खानदेशी पोराचं आठवं वर्ष मुंबईच्या त्याच सुवर्णकाळात पडलं. त्याच्या अंगावर निळा शर्ट नसता तरच नवल.

घरात मोठा भाऊ किंवा काका कोणत्या संघाचा, हाही मोठा भाग. पहिला शर्ट बहुधा त्यांच्याकडूनच मिळतो, आणि पहिल्या शर्टाचा रंग सहसा उतरत नाही.

शेजारच्या चारही अंगणांत करंडक

मुंबई इंडियन्ससाठी ओरडणाऱ्या जळगावकराचा रणजी संघ मात्र मुंबई नाही. जळगाव आणि धुळे हे जिल्हे पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतात. त्यांचा संघ ‘महाराष्ट्र’. या संघानं रणजी करंडक दोनदा जिंकला, १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये, प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली. त्यानंतर नाही. मुंबईकडं ४२ करंडक आहेत.

आता खरी गंमत नकाशात आहे. मुक्ताईनगरहून गाडी मलकापूरला पोचली की बुलढाणा जिल्हा लागतो आणि रणजी संघ बदलतो : विदर्भ. करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. शिरपूरहून सेंधव्याला गेलं की मध्य प्रदेश. करंडक २०२१-२२. नवापूर ओलांडून सुरतेच्या रस्त्याला लागलं की गुजरात. करंडक २०१६-१७. आणि मुंबईनं २०२३-२४ मध्ये पुन्हा जिंकला, तो वेगळाच. म्हणजे खानदेशाच्या चहूबाजूंच्या संघांनी गेल्या दशकात करंडक घरी नेला आणि मधे उभ्या असलेल्या महाराष्ट्राच्या हाती आठ दशकांहून जास्त काळ काही नाही. २०१३-१४ मध्ये अंतिम फेरी गाठली होती, तिथं कर्नाटकनं हरवलं.

आणखी एक गुंता. याच महाराष्ट्र संघाचा ऋतुराज गायकवाड २०२४ पासून चेन्नई सुपर किंग्जचा कर्णधार. नोव्हेंबर २०२२ मध्ये विजय हजारे करंडकात उत्तर प्रदेशविरुद्ध एका षटकात सात षटकार मारणारा हाच. तेव्हा मुंबई-चेन्नई सामन्यात धुळेकरानं घरचा मुलगा कोणाला मानायचं? निळा की पिवळा हा वाद इथं निकालात निघत नाही, तो या कारणानं.

“आपण जिंकलो”, “ते हरले”

रॉबर्ट चाल्दिनी या मानसशास्त्रज्ञानं १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयातला सर्वांत गाजलेला. अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत त्याच्या माणसांनी दर सोमवारी वर्गातल्या मुलांचे कपडे मोजले. शनिवारी विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला असेल, तर सोमवारी विद्यापीठाचं नाव छापलेले शर्ट जास्त दिसत. हरला असेल तर कमी. नंतर मुलांना फोन करून सामन्याबद्दल विचारलं. जिंकलेल्या सामन्याबद्दल उत्तरं यायची “आपण जिंकलो”. हरलेल्याबद्दल, “ते हरले”.

सामन्यानंतरच्या सकाळी कुठल्याही चहाच्या टपरीवर उभं राहा, हा अभ्यास फुकटात पुन्हा करता येईल. “आपण काल काय धुतलं!” म्हणणारा आणि “त्यांनी रिव्ह्यू का नाही घेतला?” म्हणणारा माणूस एकच असतो, मधे फक्त एक निकाल गेलेला असतो. चाल्दिनीचं म्हणणं असं की दुसऱ्याच्या विजयाच्या उजेडात आपण आपला चेहरा उजळून घेतो. मला यात कमीपणा वाटत नाही. कापसाचा भाव पडलेला, केळीवर करपा आलेला, आणि त्या आठवड्यात संघ जिंकला. दुसऱ्याकडून काही हिसकावून न घेता मिळणारा हा आनंद आहे, तो घ्यावाच.

सुरतेतले खानदेशी आणि हार्दिकची दोन घरं

हेन्री ताश्फेल यांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना दोन चित्रकारांची चित्रं दाखवली, क्ले आणि कांडिन्स्की. कोणाला कोणतं आवडलं यावरून गट पाडल्याचं त्यांना सांगितलं. प्रत्यक्षात गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे, कसेही पाडलेले. आपल्या गटात आणखी कोण आहे हेसुद्धा मुलांना माहीत नव्हतं. मग त्यांना पैसे वाटायला दिले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, आणि वर आपल्या गटाला थोडं कमी मिळालं तरी चालेल पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त मिळावं, असं वाटप अनेकांनी केलं. एवढ्याशा निमित्तानं माणूस गट बांधतो. रंग, झेंडा, घोषणा मिळाल्यावर काय होईल ते सांगायला नको.

पण गट बदलतातही, आणि ते बघायचं असेल तर सुरतेला जावं. तापीच्या काठानं खाली गेलेली खानदेशी माणसं सुरतेत उधना-लिंबायतच्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्या आहेत. धुळ्याहून सुरत मुंबईपेक्षा जवळ. घरात अहिराणी, शाळेत गुजराती, कारखान्यात हिंदी. २०२२ मध्ये गुजरात टायटन्स हा नवा संघ आला आणि पहिल्याच हंगामात जिंकला. कर्णधार हार्दिक पंड्या, जन्म सुरत जिल्ह्यातला. तिथल्या पोरांना घरबसल्या संघ मिळाला. आणि दोनच वर्षांत, २०२४ मध्ये, हार्दिक मुंबईचा कर्णधार होऊन परतला. मग काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. अहमदाबादला त्याच्या नावानं हुर्यो झाली, कारण तो सोडून गेला. वानखेडेवर त्याच्याच संघाच्या चाहत्यांनी हुर्यो केली, कारण तो रोहित शर्माच्या जागी आला. त्याच वर्षी २९ जूनला त्यानं टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचं शेवटचं षटक टाकून भारताला जिंकून दिलं आणि काही दिवसांनी त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा जयघोष झाला. माणूस तोच, मैदान तेच. फक्त “आपण” या वर्तुळाचा घेर मोठा झाला.

हा घेर मोठा करता येतो हे इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या मार्क लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं. मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांना एका इमारतीतून दुसरीकडं चालत पाठवलं. वाटेत एक धावणारा माणूस मुद्दाम पाय घसरून पडला. त्याच्या अंगात मँचेस्टरचा शर्ट असला की बहुतेक जण मदतीला धावले. लिव्हरपूलचा असला की थोडेच. पुढच्या फेरीत चाहत्यांना आधी ‘तुम्हाला फुटबॉल का आवडतो’ हे लिहायला सांगितलं. आता लिव्हरपूलच्या शर्टवाल्यालाही मदत मिळाली! साध्या शर्टवाला मात्र दोन्ही वेळा बराचसा तसाच राहिला. दोन गच्च्यांमधलं भांडण भारताच्या सामन्याला कुठं जातं, त्याचं उत्तर या प्रयोगात आहे.

हरणाऱ्यांची गाठ पक्की

हरल्याचं दुःख जिंकल्याच्या आनंदाच्या किती पट? पीटर डॉल्टन आणि जॉर्ज मॅकेरॉन या अर्थशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये मोबाइलवर हजारो लोकांनी नोंदवलेल्या मनःस्थितीवरून ब्रिटिश फुटबॉल चाहत्यांचा हिशेब मांडला. उत्तर आलं, साधारण दुप्पट. म्हणजे नुसता हिशेब केला तर संघाचा नाद हा तोट्याचा व्यवहार. मग लोक सोडून का देत नाहीत?

कारण सोबत. मार्था न्यूसन आणि सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या क्लबांच्या चाहत्यांची तुलना केली. सतत जिंकणाऱ्या क्लबांपेक्षा सतत हरणाऱ्या क्लबांचे चाहते एकमेकांना जास्त जवळचे, अगदी भाऊबंदांसारखे मानतात, असं त्यांना दिसलं. सहचाहत्यांसाठी जीव द्याल का, या काल्पनिक प्रश्नाला ‘हो’ म्हणणारेही त्यांच्यातच जास्त. एकत्र सोसलेलं माणसांना बांधतं.

आपल्याकडचा पुरावा म्हणजे बंगळुरूचा आरसीबी संघ. २००८ पासून सतरा हंगाम गेले, तीन अंतिम सामने हरले, आणि तरी दरवर्षी तीच आशा. अठराव्या हंगामात, ३ जून २०२५ ला अहमदाबादला पंजाबला सहा धावांनी हरवून तो करंडक आला. विराट कोहलीसाठी आरसीबीचा लाल शर्ट घेतलेली पोरं खानदेशातही आहेत आणि इतकी वर्षं त्यांनी किती टोमणे ऐकले ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या दिवशी बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर चेंगराचेंगरीत ११ चाहते गेले. आनंद करायला घराबाहेर पडलेली माणसं होती ती. प्रेमाची तयारी असते, गर्दीची नसते. आयोजकांनी ही गोष्ट कधीही विसरता कामा नये.

एक कुस्ती, दोन डोळे

१९५१ मध्ये प्रिन्स्टन आणि डार्टमथ या अमेरिकी विद्यापीठांत फुटबॉलचा एक धसमुसळा सामना झाला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल यांनी त्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि नियमभंग मोजायला सांगितले. डार्टमथच्या संघाचे जेवढे नियमभंग डार्टमथच्या मुलांना दिसले, त्याच्या दुपटीहून जास्त प्रिन्स्टनच्या मुलांना दिसले. फिल्म एकच!

२ फेब्रुवारी २०२५ ला अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाच्या अंतिम लढतीत शिवराज राक्षे आणि पृथ्वीराज मोहोळ भिडले. पंचांनी राक्षेची पाठ टेकल्याचा निर्णय दिला, त्याला तो मान्य झाला नाही, वाद पंचांना लाथ मारण्यापर्यंत गेला आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. गदा मोहोळनं जिंकली. त्या काही सेकंदांचा व्हिडिओ महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालमीत पुन्हा पुन्हा बघितला गेला. कोणाला दोन्ही खांदे टेकलेले दिसले, कोणाला एकच. खोटं कुणीच बोलत नव्हतं. जो जसा बसला होता, त्याला तसं दिसलं.

सायगाव बगळीचा पैलवान

आता खानदेशाच्या खऱ्या दैवताकडं येऊ. इथं चाहता म्हणजे काय ते क्रिकेटच्या कितीतरी आधी कुस्तीनं शिकवलं.

यात्रा आणि दंगल यांची खानदेशात जोडी आहे. देवाची पालखी झाली की दुपारी आखाडा. पहिल्या कुस्त्या पोराटोरांच्या, नारळाच्या किंवा रेवडीच्या. मग इनाम चढत जातं, पन्नास, शंभर, पाचशे, हजार, आणि शेवटची कुस्ती दिवस कलताना. इनामाचा पैसा गावकीच्या वर्गणीतून. जिंकलेला पैलवान आखाड्याभोवती फेरी मारतो आणि लोक त्याच्या हातात नोटा देतात. यातली खुबी लक्षात घ्या : इथं चाहता तिकीट काढून लांब बसलेला नाही. त्यानं वर्गणी दिलीय, जोड लावताना तो बोललाय, पैलवानाच्या मातीनं माखलेल्या हाताला त्याचा हात लागलाय. मानसशास्त्राच्या पुस्तकात ज्याला संघाशी एकरूप होणं म्हणतात ते इथं दुपारी दोन ते सहा प्रत्यक्ष चालतं.

तरी महाराष्ट्र केसरीची चांदीची गदा म्हटलं की नजर कोल्हापूर, पुणे, सांगली, सोलापूरकडं जायची. १९६१ पासून ही स्पर्धा चालू आहे. खानदेशानं इतकी वर्षं टाळ्या वाजवल्या, त्या दुसऱ्यांच्या पैलवानांसाठी. आणि मग चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी उभा राहिला. २०१४ ला अहमदनगरला गदा. २०१५ ला नागपूरला गदा. २०१६ ला पुण्यात वारज्याला, अभिजित कटकेला हरवून, तिसरी गदा. सलग तीन! त्याआधी सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी झालेला एकच होता, नरसिंग यादव, २०११ ते २०१३. पुढं विजय पोलिस उपअधीक्षक झाला आणि २०२३ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलिस क्रीडा स्पर्धेत त्यानं कुस्तीचं सुवर्णपदक मिळवलं.

यात चाहत्यांच्या शास्त्राचं सगळं सार आहे. चोपडा, शिरपूर, साक्री, रावेर या तालुक्यांतल्या माणसांचा चाळीसगावशी रोजचा काय संबंध? बोली बदलते, पीक बदलतं, बाजारपेठ बदलते. १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले, त्यांचे पुढं जळगाव आणि धुळे झाले, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. कागदावर खानदेश नावाचा जिल्हा शंभर वर्षांहून जास्त काळ अस्तित्वात नाही. पण वारज्याच्या त्या कुस्तीत तिन्ही जिल्ह्यांसाठी विजय हा ‘आपला पोऱ्या’ होता. फाईलमधला विभागलेला मुलूख एका पैलवानाच्या पाठीमागं एक झाला. सरकारी नकाशा पुसतो ते असा खेळाडू पुन्हा काढून देतो, आणि म्हणून मी खेळाच्या नादाला रिकामा उद्योग मानत नाही.

चाहता काय करू शकतो याची महाराष्ट्रातली सर्वांत मोठी गोष्टही कुस्तीचीच. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले तेव्हा पैसे नव्हते. गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, आणि कऱ्हाडहून शंभराहून जास्त बैलगाड्यांच्या मिरवणुकीनं गावी गेले. घर गहाण ठेवणारा चाहता! त्यापुढं आपण केलेली शर्टांची खरेदी काहीच नाही.

रक्तातला सामना

१९९४ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलनं इटलीला हरवलं. सामना बघणाऱ्या चाहत्यांच्या लाळेचे नमुने आधी आणि नंतर घेतले होते. ब्राझीलच्या पुरुष चाहत्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढलं, इटलीच्या चाहत्यांचं उतरलं. खेळले दुसरेच, खुर्चीत बसलेल्यांचं रक्त बदललं.

दुसरी नोंद हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २००६ चा विश्वचषक जर्मनीत झाला. म्युनिक परिसरातल्या डॉक्टरांनी हृदयविकाराच्या तातडीच्या रुग्णांची मोजणी केली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हे प्रमाण एरवीच्या २.६६ पट होतं, पुरुषांत तीन पटींहून जास्त. वडील किंवा आजोबा हृदयरोगाच्या गोळ्या घेत असतील तर मोठ्या सामन्याच्या संध्याकाळी गोळी चुकली नाही ना, एवढं विचारा. सुपर ओव्हर लागली तर सोबत बसा.

“जागा सोडू नको!”

विकेट पडत नसेल तर सगळ्यांनी जागा बदलायच्या. भागीदारी जमली तर कुणी पाणी प्यायलाही उठायचं नाही. हा नियम खानदेशात घराघरांत आहे, आणि खुद्द सचिन तेंडुलकरही त्याला अपवाद नाही. २०११ च्या अंतिम सामन्यात ड्रेसिंग रूममध्ये त्यानं सेहवागला शेजारून हलू दिलं नव्हतं. बी. एफ. स्किनर यांनी १९४८ मध्ये भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळानं दाणे टाकले, ती काहीही करोत. दाणे पडले तेव्हा जे कबूतर गोल फिरत होतं ते गोलच फिरत राहिलं, जे मान हलवत होतं ते मान हलवत राहिलं. आपल्या हातात काहीच नसतं तेव्हा हात काहीतरी धरतात. यात काही बिघडत नाही. सगळं घर एका जागी तीन तास बसतं, हा फायदाच.

आपल्याकडं टाळी वाजवण्यासारखं काय आहे?

पुष्कळ आहे, आणि ते कमी लोकांना माहीत आहे. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातली एक मुलगी टेबल टेनिसमध्ये आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा गाजवायची. तीच बोदवड तालुक्यातल्या नाडगावात जन्मलेली प्रतिभा पाटील, पुढं भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती. जळगावच्या जैन इरिगेशननं कॅरम, बुद्धिबळ आणि क्रिकेटमधले नामांकित खेळाडू नोकरीत घेऊन संघ उभे केले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. खो-खो तर आपल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेच्या पटांगणावर आहे. शर्ट मात्र बाजारात क्रिकेटचेच मिळतात.

भाषेचंही बघा. २०२३ च्या आयपीएलमध्ये मोबाइलवर मराठीत आणि भोजपुरीतसुद्धा समालोचन ऐकू आलं. एके काळी रेडिओवर बाळ ज. पंडितांचं मराठी समालोचन ऐकून खेड्यापाड्यातल्या माणसांनी न बघितलेलं मैदान डोळ्यांपुढं आणलं. अहिराणीत असं समालोचन आलं तर किती बहार येईल! लाखो लोकांची ती घरातली भाषा आहे. यात्रेतल्या दंगलीत माईक धरणारे दादा, नाना आजही अर्धी कॉमेंट्री अहिराणीतच करतात आणि त्यांच्याइतकं गर्दीला हसवणारं आणि उठवणारं टीव्हीवर कुणी ऐकू येत नाही. वाहिन्यांनी त्यांना शोधावं.

आणि २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र. नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिलांचा एकदिवसीय विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. सलामीला सांगलीत वाढलेली स्मृती मानधना. त्या रात्री उशिरापर्यंत जागलेल्या आठ वर्षांच्या मुली जळगावात होत्या, धुळ्यात होत्या, शिंदखेड्यात होत्या. मेट्सच्या चाहत्यांचं गणित मुलींनाही लागू पडत असेल तर या पोरी पुढची पन्नास वर्षं महिला क्रिकेट बघणार आहेत, आणि त्यातल्या काहींना नुसतं बघायचं नाही, खेळायचंय. पालकांनो, यंदाच्या उन्हाळी सुटीत मुलाला बॅट घ्याल तेव्हा मुलीलाही घ्या. आणि तालुक्याच्या खो-खो स्पर्धेला, यात्रेतल्या दंगलीला दोघांना घेऊन जा, पुढच्या रांगेत बसवा, ज्या पैलवानाची कुस्ती आवडेल त्याच्या हातात दहा रुपये त्यांच्याच हातानं द्यायला लावा.